‘हजार माणसांच्या सांडपाण्याला प्रक्रिया कशाला?’ : एका संदेशाचा प्रतिवाद

लहान वस्त्यांच्या सांडपाण्याविषयी एक संदेश सतत पुढे पाठवला जातो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे मात्र तेच राहतात. हजारेक माणसांच्या वस्तीला सांडपाणी प्रक्रियेची गरज नसते, कारण एवढ्याशा पाण्याने कुठलाही ओढा बिघडत नाही आणि वाहते पाणी आपोआप शुद्ध होते. घरोघरी सेप्टिक टँक असला म्हणजे पाणी शुद्ध होऊनच बाहेर पडते. टाकीत दरमहा जिवाणूंची पूड टाकत राहिले तर गाळ कधीच उपसावा लागत नाही. शोषखड्ड्यात सोडलेले पाणी जमीन गाळून घेते. नितळ दिसणारे, वास नसलेले पाणी भाजीपाल्याला निर्धास्तपणे द्यावे. उरलेसुरले काम जलपर्णी किंवा कर्दळ करते. आणि शेवटी ठेवणीतला शेरा असतो, की प्रक्रिया केंद्रे महाग पडतात, पुष्कळदा बंद पडतात, आणि त्यांचा आग्रह धरणाऱ्यांना यंत्रे विकायची असतात.

या शेवटच्या शेऱ्यामागे एक खरे निरीक्षण आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही; त्याचा विचार पुढे योग्य जागी केला आहे. बाकीची विधाने वेगवेगळी दिसत असली तरी एकाच प्रश्नापाशी अडखळतात. पाण्यातली घाण ‘गेली’ असे जिथे जिथे म्हटले आहे, तिथे ती नेमकी कुठे गेली हे संदेशात कुठेच सांगितलेले नाही. सांडपाण्याचे शास्त्र म्हणजे बव्हंशी या एका प्रश्नाचा जमाखर्च आहे, आणि तो मांडल्याशिवाय कोणत्याही उपायाला स्वस्त किंवा महाग म्हणता येत नाही.

वाहत्या पाण्यापासून सुरुवात करू. नदी स्वतःला शुद्ध करते हे खोटे नाही. ती कशाच्या बळावर आणि किती शुद्ध करते, एवढेच संदेशातून गळले आहे. पाण्यातील जिवाणू सेंद्रिय घाण खातात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. ही गरज मोजण्याचे रूढ माप म्हणजे बीओडी, अर्थात २० अंश सेल्सियस तापमानाला ५ दिवसांत जिवाणूंनी वापरलेला प्राणवायू. एका माणसामागे रोज साधारण ४५ ते ६० ग्रॅम बीओडी सांडपाण्यात जाते. ५० ग्रॅम धरले तर हजार माणसांचे ५० किलो होतात. आता कोरड्या ऋतूत सेकंदाला १० लिटर वाहणारा ओढा घ्या. दिवसभरात त्यातून ८६४ घनमीटर पाणी जाते. २५ अंश तापमानाच्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे फार तर ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर विरघळू शकतो, म्हणजे दिवसभरातल्या सगळ्या प्रवाहात मिळून सुमारे ७ किलो. मागणी ५० किलोंची आणि शिल्लक ७ किलोंची असल्यावर निकाल काय लागणार हे वेगळे सांगायला नको. हवेतून नवा प्राणवायू पाण्यात मिसळत राहतो हे खरे, परंतु संथ वाहणाऱ्या ओढ्यात तो एवढी तूट भरून काढण्याइतक्या वेगाने मिसळत नाही. प्राणवायू संपला की त्याच्याशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात, सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि पाणी काळे पडून त्याला सडक्या अंड्यांचा वास येऊ लागतो. तात्पर्य, वस्ती किती लहान आहे हा प्रश्नच नाही. ज्या प्रवाहात ती पाणी सोडते त्याच्या मानाने ती किती मोठी आहे, हा प्रश्न आहे.

हा विचार नवा नाही. ब्रिटनमध्ये १८९८ साली नेमलेल्या सांडपाणीविषयक शाही आयोगाने सौम्यीकरणाचा, म्हणजे स्वच्छ पाण्यात घाण पातळ करण्याचा पर्याय मनापासून तपासला आणि १९१२ च्या आठव्या अहवालात त्याचे आकडे दिले. प्रक्रिया न करता सांडपाणी नदीत सोडायचे असेल तर त्याच्या ५०० पटींहून अधिक स्वच्छ पाणी नदीत हवे, असे आयोगाचे म्हणणे होते. हजार माणसे रोज माणशी १०० लिटर पाणी सांडत असतील तर सांडपाणी १०० घनमीटर होते. त्याच्या ५०० पट म्हणजे दिवसाला ५०,००० घनमीटर, म्हणजेच सेकंदाला सुमारे ५८० लिटरचा प्रवाह, आणि तोही वर्षाच्या सर्वांत कोरड्या दिवशी. याच अहवालातून लिटरमागे २० मिलिग्रॅम बीओडी आणि ३० मिलिग्रॅम तरंगते घन कण ही प्रसिद्ध मर्यादा पुढे आली. तीसुद्धा प्रक्रिया केलेले पाणी किमान आठ पट स्वच्छ पाण्यात मिसळेल, हे गृहीत धरून. ‘वाहते पाणी शुद्ध असते’ असे म्हणणाऱ्यांनी हा ५०० चा आकडा आपल्या ओढ्याला लावून पाहावा.

संदेशाच्या बाजूने एक युक्तिवाद हमखास येतो: नाल्याच्या तोंडाशी तर मासे दिसतात, मग बिघडले काय? स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी ओहायो नदीच्या अभ्यासावरून १९२५ मध्ये जे गणित मांडले, त्यात याचे उत्तर आहे. घाण मिसळल्याबरोबर प्राणवायूचे प्रमाण एकदम नीचांकाला जात नाही. जिवाणूंना काम करायला वेळ लागतो, तोवर पाणी पुढे सरकते, आणि सर्वांत वाईट अवस्था सोडण्याच्या जागेपासून बरीच खाली, कधी काही तासांच्या तर कधी काही दिवसांच्या प्रवाहावर येते. त्यामुळे जी वस्ती घाण सोडते तिला आपले पाणी चांगलेच दिसते आणि मासे मरतात ते खालच्या वस्तीच्या काठाला. शुद्धीकरण झाले म्हणून ज्याचे कौतुक होते ते पुष्कळदा केवळ स्थलांतर असते.

दुसरे विधान सेप्टिक टँकचे. ही टाकी उपयुक्त आहे, लहान वस्तीत तर जवळजवळ अपरिहार्य आहे. परंतु तिचे काम घन आणि द्रव वेगळे करणे हे आहे, पाणी शुद्ध करणे हे नव्हे. जड पदार्थ तळाशी बसतात, तेल आणि चरबी वर साय धरतात, मधले पाणी बाहेर जाते. एक ते दोन दिवसांच्या मुक्कामात बीओडी साधारण ३० ते ५० टक्के आणि तरंगते घन कण ५० ते ७० टक्के कमी होतात. अमोनिया जवळपास तसाच राहतो आणि रोगजंतूही फारसे घटत नाहीत. हजार माणसांच्या वरच्या उदाहरणात मूळ सांडपाण्याची बीओडी लिटरमागे ५०० मिलिग्रॅम येते. उत्तम चाललेल्या टाकीतून ती २५० च्या आसपास बाहेर पडेल. आयोगाच्या २० च्या मर्यादेची ही बारा पट आहे. डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९६ मध्ये इंग्लंडमधील एक्झिटर येथे जी टाकी बांधली आणि जिला सेप्टिक टँक हे नाव दिले, तिच्यातले पाणीसुद्धा पुढे गाळण थरांवर सोडले जात असे. टाकी हा पहिला टप्पा आहे हे तिच्या कर्त्याच्याच मांडणीत होते. दुसरा टप्पा आपण गाळला.

पुडीचा मुद्दा थोडा सविस्तर पाहायला हवा, कारण संदेशातला सर्वांत घातक भाग तोच आहे. टाकीत गाळ उरतच नाही, सगळा पचून जातो, हे आश्वासन पुडीच्या आधीपासूनचे, खुद्द सेप्टिक टँकच्या जन्मापासूनचे आहे. वर उल्लेखिलेल्या आयोगाने १९०८ च्या अहवालातच ते तपासून बाजूला ठेवले होते: टाकीत सगळे सेंद्रिय घन पचत नाहीत, आणि जे पचतात त्यांचे प्रमाण सांडपाण्याच्या जातीवर, टाकीच्या आकारावर आणि ती किती वेळा साफ होते यावर अवलंबून राहते. त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटला, पण टाकीतले रसायनशास्त्र बदललेले नाही.

जिवाणूंची टाकीत टंचाई नसते. एका ग्रॅम विष्ठेत हजारो कोटी जिवाणू असतात आणि ते रोज, फुकट, ठरल्या वेळी टाकीत येतात. त्यांत चमचाभर पुडीतल्या जिवाणूंची भर घातल्याने पचनाचा वेग लक्षात येईल इतका बदलत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही नीट चालणाऱ्या टाकीला अशा जैविक पुडीचा फायदा दिसत नाही, असेच म्हटले आहे. पचनाला मर्यादा पडते ती तापमानाची, मुक्कामाच्या वेळेची आणि मुख्य म्हणजे पदार्थांच्या स्वभावाची. वाळू, राख, माती, केस, प्लास्टिकचे तुकडे आणि कठीण तंतू कोणताही जिवाणू खाऊन संपवत नाही; शिवाय जे पचते त्यातूनही नव्या जिवाणूंची शरीरे तयार होतात आणि तीही शेवटी तळाशी बसतात. पचून, दबून, दाट होऊनही माणशी वर्षाला साधारण ३० ते ४० लिटर गाळ साचतो. पाच माणसांच्या घरात ४० लिटरच्या हिशेबाने वर्षाला २०० लिटर झाले. टाकीची उपयुक्त क्षमता ३,००० लिटर असेल तर पाच वर्षांत तिचा तिसरा हिस्सा गाळाने भरतो, आणि गाळ व साय मिळून एक तृतीयांश झाले की टाकी उपसावी, हा जुना व्यवहारी नियम आहे.

मग ‘आम्ही पूड टाकतो, पंधरा वर्षे गाळ काढलेला नाही’ असे सांगणारे खोटे बोलतात का? नाही, त्यांच्या टाकीतून गाळ खरोखरच जातो आहे, फक्त तो पचून जात नाही. टाकी भरत आली की पाण्याला मुक्कामाची जागा उरत नाही, प्रवाह वेगाने वाहतो आणि तळचा गाळ ढवळून पाण्याबरोबर बाहेर नेतो. बाहेर शोषखड्डा असेल तर त्याच्या भिंतींची छिद्रे बुजतात आणि एके दिवशी खड्डा तुंबतो. बाहेर गटार असेल तर काही तुंबत नाही, म्हणून काही कळतही नाही. काही रासायनिक द्रावणे तर सायीतली चरबी आणि तळचा गाळ सुटा करून हेच काम लवकर उरकतात. खात्री करून घ्यायची असेल तर टाकीचे झाकण उघडून, लांब काठीच्या टोकाला पांढरे फडके गुंडाळून ती तळापर्यंत सोडावी. फडक्यावरच्या काळ्या डागाची उंची म्हणजे गाळाची उंची. हे काम बाहेरूनच करायचे असते. टाकीत कोणीही, कोणत्याही कारणाने उतरू नये. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, त्यामुळे धोका टळल्याचा भास होतो; आणि पहिला बेशुद्ध पडला की त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो.

जमीन पाणी गाळून घेते, या विधानात बरेच तथ्य आहे. शोषखड्ड्याखाली किंवा चरांखाली साधारण ६० ते १२० सेंटीमीटर जाडीचा, पाण्याने न भरलेला, मध्यम झिरपीचा मातीचा थर असेल तर तो रोगजंतू आणि सेंद्रिय घाण अडवण्याचे काम उत्तम करतो. इतक्या स्वस्तात इतके चांगले काम करणारे यंत्र सापडणे कठीण आहे. परंतु चिकण मातीत पाणी मुरत नाही, भेगाळलेल्या खडकात ते न गाळताच सरळ विहिरीपर्यंत पोचते, आणि पावसाळ्यात भूजल वर आले की कोरडा थरच शिल्लक राहत नाही. त्यापलीकडे नायट्रोजनचा प्रश्न आहे, जो चांगली मातीही सोडवत नाही. सांडपाण्यातल्या अमोनियाचे मातीत नायट्रेट होते आणि नायट्रेट मातीच्या कणांना चिकटत नाही. ते पाण्याबरोबर खाली उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅम नायट्रेट ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, म्हणजे नायट्रोजनच्या भाषेत सुमारे ११ मिलिग्रॅम. सेप्टिक टँकमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ६० मिलिग्रॅम नायट्रोजन असणे नेहमीचे आहे. त्याला मर्यादेत आणायला पाच-सहा पट पावसाचे पाणी त्याच जमिनीत मुरावे लागते, जे विरळ घरांत जमते आणि दाटीच्या वस्तीत जमत नाही. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट आणि तान्ह्या बाळांचे निळे पडणे यांचा संबंध अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी १९४५ मध्येच दाखवून दिला होता.

नितळपणाविषयी थोडक्यात. डोळ्याला दिसतात ते कण, आणि नाकाला कळतो तो प्राणवायूचा अभाव. रोगजंतू दोघांनाही कळत नाहीत. ताज्या सांडपाण्यात दर १०० मिलिलिटरमागे एक कोटीपासून दहा कोटींपर्यंत विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू असतात. एखाद्या पद्धतीने ९९ टक्के जिवाणू काढले असे ऐकले की काम झाले असे वाटते, पण एक कोटीतून ९९ टक्के गेले तरी एक लाख उरतात. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना देण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये घातलेली मर्यादा १,००० ची होती आणि त्याबरोबर लिटरमागे जंताचे एकापेक्षा जास्त अंडे नसावे अशी अट होती. २००६ च्या मार्गदर्शनात पहिल्या आकड्याची जागा रोगाच्या जोखमीच्या हिशेबाने घेतली, अंड्याची अट मात्र राहिली. गोलजंताची अंडी क्लोरीनलाही दाद देत नाहीत, म्हणून ‘शेवटी थोडे क्लोरीन टाकू’ हा शॉर्टकटही लागू पडत नाही. शिवाय अर्धवट प्रक्रिया झालेल्या पाण्यातला अमोनिया आणि सेंद्रिय पदार्थ बरेचसे क्लोरीन स्वतःच संपवून टाकतात.

जलपर्णी आणि कर्दळ यांना संदेशाने एकाच ओळीत बसवले आहे, हे मुळातच चुकले. जलपर्णी पाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस शोषते, पण ती नियमित काढून पाण्याबाहेर नेली तरच. कुजू दिली तर घेतलेले सगळे परत करते, आणि वाढू दिली तर पृष्ठभाग झाकून प्रकाश व हवा दोन्ही अडवते. डासांची सोय होते ती निराळीच. कर्दळीचे, पाणकणसाचे, देवनळाचे वाफे ही वेगळी गोष्ट आहे. जर्मनीत केटे झायडेल यांनी १९५० च्या दशकात सुरू केलेल्या प्रयोगांतून पुढे आलेली ही बांधीव पाणथळीची पद्धत भरवशाची आहे, मात्र तिथे मुख्य काम खडीवर वाढलेल्या जिवाणूंच्या थराचे असते. वनस्पती त्या थराला साथ देते. जागा पुरेशी लागते (थंड हवामानात आडव्या प्रवाहाच्या वाफ्याला माणशी सुमारे ५ चौरस मीटर, उष्ण हवेत त्याहून बरीच कमी), आणि आधी गाळ बसवून घेतला नाही तर वाफ्याचे तोंड बुजते. म्हणजे गाडी पुन्हा न उपसलेल्या टाकीपाशीच येते.

आता यंत्रांविषयीचा शेरा. हवा फुंकून जिवाणूंचा गाळ तरंगत ठेवण्याची सक्रिय गाळ पद्धत आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये मँचेस्टरला मांडली आणि जगातली मोठी शहरे आज तिच्यावर चालतात. तिचेच छोटे, पेटीबंद रूप लहान वस्त्यांच्या माथी मारले जाते तेव्हा ते पुष्कळदा बंद पडते, हे संदेशाचे म्हणणे बरोबर आहे. कारण मात्र संदेश समजतो त्याच्या उलट आहे. लहान वस्तीचे सांडपाणी सोपे नसते, अधिक अवघड असते. मोठ्या शहरात लाखो माणसांच्या सवयी एकमेकींत मिसळून प्रवाह बराचसा सपाट होतो. हजार माणसांच्या वस्तीत सकाळच्या दोन तासांतला प्रवाह सरासरीच्या चौपट होऊ शकतो आणि मध्यरात्री तो जवळजवळ थांबतो. एखाद्या घराने फिनेल किंवा ब्लीचचा डबा ओतला तर तो शहरात जाणवतही नाही, इथे त्याने जिवाणूंची वसाहत आजारी पडते. त्यात वीज गेली, हवेचा पंखा बिघडला, वाढलेला गाळ वेळेवर काढून टाकणारा माणूस नसला की महागडी पेटी गटाराचाच एक वळसा बनते.

पण यंत्र नको याचा अर्थ प्रक्रिया नको असा होत नाही. घरोघरच्या टाक्यांतून निवळलेले पाणी बारीक नळांनी एकत्र आणून (घन पदार्थ आधीच मागे राहिल्यामुळे ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाचे नळही पुरतात) तलावांच्या साखळीत किंवा पाणथळ वाफ्यात सोडणे ही विजेशिवाय चालणारी, तपासून झालेली वाट आहे. तलावात दिवसा शेवाळ प्राणवायू पुरवते. शेवटच्या उथळ तलावात ते कार्बन डायऑक्साइड इतका शोषून घेते की दुपारी पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ९ च्या वर जातो, आणि तो सामू व ऊन मिळून कोलिफॉर्म मारतात. जंतांची अंडी आठ-दहा दिवसांच्या मुक्कामात तळाशी बसतात. २५ अंश तापमान धरले तर पहिल्या शेवाळी तलावावर हेक्टरी रोज सुमारे ३५० किलो बीओडीचा भार टाकता येतो. टाक्यांनी निम्मे काम केल्यावर आपल्या हजार माणसांचे २५ किलो उरतात. त्यांना ७०० चौरस मीटरच्या आसपास पाण्याची जागा लागते, आणि पुढचे तलाव व बांध धरून सगळे मिळून पाव हेक्टरच्या घरात बसते. जिथे एवढी जागा नाही तिथे भिंतींनी कप्पे केलेली बंद टाकी आणि तिच्यापुढे खडीचा वाफा, ही जोडी कमी जागेत बसवता येते. वास, डास आणि बांधावरचे गवत यांचा त्रास इथेही आहे. आठवड्याला काही तास देणारा एक माणूस इथेही लागतो.

राहिला तो गाळ. हजार माणसांमागे वर्षाला ४० लिटरच्या हिशेबाने ४० घनमीटर गाळ निघतो, म्हणजे ४,००० ते ५,००० लिटरच्या टँकरच्या ८ ते १० खेपा. दरवर्षी एक पंचमांश घरांच्या टाक्या उपसल्या तर पाच वर्षांत वस्ती पूर्ण होते आणि पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात करता येते. उपसलेला गाळ वाळू-खडीच्या वाफ्यावर २० ते ३० सेंटीमीटरच्या थराने पसरला की काही आठवड्यांत तो फावड्याने उचलता येतो. तेवढ्यावर तो शेतात टाकता येत नाही, कारण अंडी अजून जिवंत असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शनानुसार हवामान २० अंशांहून उबदार असेल तिथे एक वर्षाहून अधिक आणि त्याहून थंड ठिकाणी दीड ते दोन वर्षे तो कोरडा साठवून ठेवावा लागतो. संदेशात खर्चाची जी भीती घातली आहे, त्यात या खेपांचा, वाफ्यांचा आणि साठवणीच्या जागेचा उल्लेख नाही. आणि टाकी, तलाव, वाफा, यंत्र यांपैकी काहीही निवडले तरी न टळणारा खर्च नेमका तोच आहे.